ग्रंथपालांच्या मेळाव्यात दरवर्षी तेच विषय का येतात?

12 ऑगस्टला भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांची जयंती, त्याच्या आसपास आपल्या सांगलीकडच्या ग्रंथपाल संघटनेचा मेळावा असतो, यंदाही तयारी चाललीय. विषय बघितले तर पगार, कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग आणि पुराच्या आधी पुस्तकं हलवायची कशी. नवीन लागलेली पोरं विचारतात सर हेच तर गेल्या वर्षीपण होतं की, म्हणून जरा मागचं लिहितोय.

आपल्याकडची जुनी वाचनालयं कुणी सरकारी हुकमानं काढलेली नाहीत. रत्नागिरी 1828, पुणे 1848, कोल्हापूर 1850, सगळी वर्गणीवर आणि देणगीवर उभी राहिली. पुस्तक काढून देणारा माणूस म्हणजे कारकून, ग्रंथपाल हा वेगळा पेशा आहे असं तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं. 1945 ला शेजारच्या कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, अख्ख्या देशातला पहिला, पण संस्थान विलीन झालं आणि कायदा बाजूला पडला. परीक्षेत मात्र आपण मद्रासचा 1948 चा कायदा घोकतो, आपल्या उंबऱ्यावरचा विसरतो.

मग आला महाराष्ट्राचा 1967 चा कायदा, आणि पगाराची खरी गोम इथंच आहे. मद्रासनं रंगनाथनांचं ऐकून घरपट्टीवर ग्रंथालयाचा उपकर, म्हणजे ग्रंथालयासाठी थोडा जादा कर लावला, आपण उपकर लावला नाही, वर्षाला कमीत कमी 25 लाख ग्रंथालय निधीत टाकायचे एवढंच कायद्यात लिहिलं. वाचनालय चालवणार गावातली संस्था, सरकार देणार मान्यता आणि परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला पैसे, तेही अ ब क ड वर्ग बघून, अ सगळ्यात वरचा आणि ड सगळ्यात खालचा. म्हणजे मान्यता वाचनालयाला, अनुदान वाचनालयाला, आणि सकाळी कुलूप उघडणारा माणूस संस्थेचा! त्यामुळं ड वर्गातला ग्रंथपाल आजही मानधनावरच. 2012 ला राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली, 2022 ला अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं, ते चांगलंच झालं, पण वेतनश्रेणी काही आली नाही. उलट शिवाजी विद्यापीठ 1962 ला झालं, कॉलेजं वाढली आणि तिथल्या ग्रंथपालाला पुढं यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची वेतनश्रेणी मिळाली. एकाच सतरंजीवर हे दोघं शेजारी बसतात, मग पगाराचा विषय निघाला की अर्धी सभा गप्प आणि अर्धी तापलेली. मला विचाराल तर संघटनेनं हे उघड बोलायला पाहिजे, चहाच्या वेळी कुजबुजून काय होणार.

कोहाचं तसं सोपंय. आधी कॉलेजांत सोल नावाचं सॉफ्टवेअर आलं, यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं, काही ठिकाणी ई-ग्रंथालय, ते केंद्र सरकारच्या एनआयसीचं. कोहा न्यूझीलंडमधल्या एका लायब्ररीत जानेवारी 2000 ला सुरू झालं, लायसन्सचा खर्च नाही म्हणून छोट्या वाचनालयांना परवडतं, पण सर्व्हर बसवायचा कुणी आणि बॅकअप घ्यायचा कुणी, ट्रेनिंग अडतं ते तिथंच.

आणि पूर. ऑगस्ट 2019 ला सांगलीच्या इर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 45. त्या वर्षी जयंती कुठली, 12 तारखेला पाणी अजून ओसरतच होतं. आमच्याकडं खालचे दोन रॅक पाण्यात होते. पुस्तकं फुगून रॅकमध्ये अशी घट्ट बसली की ओढली तर पुठ्ठा हातात येई आणि आतलं तिथंच राही. दाखल नोंदवहीतली, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला नंबर देऊन जिथं लिहितो त्या वहीतली निळी शाई पसरून सगळं पान एकसारखं फिक्कट झालेलं, आकडाच वाचता येईना. शेवटी उपयोगाला आलं गुप्त पान, म्हणजे प्रत्येक पुस्तकात एका ठरलेल्या पानावर आपण दाखल नंबर टाकतो ते. पानं सुकवत सुकवत त्यावरचे नंबर एकेक उतरवून काढले, दोन महिने तेच काम. आधी मी स्वतःच या गुप्त पानाला जुनाट खूळ म्हणायचो.

तेव्हापासून पुराचा विषय दरवर्षी असतो. यंदा भाषणं कमी ठेवलीत, दुपारी फक्त नोंदवह्यांचं स्कॅनिंग. येताना आपल्या वाचनालयाची पहिली नोंदवही घेऊन या, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणा, पावसाचे दिवस आहेत.