भूकंपात तुमचा प्लॉट कसा हलेल?

"आमची बिल्डिंग किती रिश्टरला टिकेल?" हे माती तपासणाऱ्या आम्हाला हमखास विचारलं जातं. या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नाही. रिश्टरचा आकडा भूकंपाचा. प्लॉटला बसणारा हादरा अंतरावर आणि खालच्या मातीवर ठरतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणातल्या यंत्राने गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.६३ पट त्वरण नोंदवलं. भूकंप तोच, पण सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात हादरा कितीतरी सौम्य होता.

आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत कोल्हापूर झोन ३ मध्ये आहे, कोयनानगर झोन ४ मध्ये (आकडा मोठा, तितका धोका जास्त). पण झोन अख्ख्या शहराला एकच. आपल्याकडे एका प्लॉटवर चार फुटांवर काळा कातळ लागतो, तर पंचगंगेच्या बाजूला गाळ आणि काळी माती खोलवर जाते. जुनी विहीर बुजवून केलेला भराव असेल तर विचारूच नका!

मऊ माती संथ लयीचे हादरे वाढवते आणि उंच इमारतही संथच डोलते. दोघांची लय जुळली की कॉलमवरचा ताण वाढतो. त्याच मानकाच्या सूत्राने १२ मीटर उंच मोकळ्या (भिंती न धरलेल्या) आरसीसी सांगाड्याचा एक झोका साधारण ०.४८ सेकंदाचा. त्यासाठी कातळापेक्षा मऊ जमिनीवर सुमारे २० टक्के जास्त भूकंपबल धरावं लागतं. ३० मीटरला झोका ०.९६ सेकंदाचा, आणि वाढ थेट ६७ टक्के. दुमजली बंगल्याला मात्र या हिशेबात फरक पडत नाही. अशा बंगल्याच्या मालकांनी मोठ्या अभ्यासावर पैसे घालवू नयेत. एक-दोन बोअर आणि पायाचं नीट डिझाइन पुरे.

बोअरमध्ये आम्ही एसपीटी ही मातीची चाचणी घेतो: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून टाकून नळी ३० सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजतो. ३० च्या वर ठोके म्हणजे जमीन कठीण, १० च्या खाली मऊ. उंच इमारतीसाठी जिओफोन (जमिनीची कंपनं टिपणारी यंत्रं) मांडून मातीतला लहरींचा वेगही काढतो. शेजारच्या पाण्याच्या बोअरवरून अंदाज बांधू नका. तो खोदणारा पाणी बघतो, माती नाही.

आमच्या अहवालात मातीचा प्रकार आणि हादऱ्याचा आलेख असतो. तो तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला थेट वापरता येतो. येताना प्लॉटचा नकाशा आणा, मजले आणि तळघर ठरलं असेल तर तेही सांगा. पायाची खुदाई सुरू करण्याआधी या. कॉलमची सळई बांधून झाल्यावर अहवाल मागितलात, तर बदल करायला फारसं काही हातात उरत नाही.