पापड सादळतात, तशा शुगरच्या स्ट्रिपपण

पावसाळ्यात नेरूळला पापड सादळतात, मीठ ओलं होतं हे कुणाला सांगायला नको, पण शुगर चेक करायच्या स्ट्रिपपण सादळतात हे मला आईच्या रीडिंगमुळे कळलं. सकाळी उपाशीपोटी 214, घरात पळापळ, औषध वाढवायचं का इथपर्यंत चर्चा, आणि त्याच सकाळी लॅबमध्ये 138! मशीन गेलं म्हणून नवीन आणायला निघालो तर मेडिकलवाल्याने आधी विचारलं, स्ट्रिपची डबी कुठे ठेवता? फ्रीजच्या दारात, इन्सुलिनशेजारी, अजून कुठे.

तिथेच घोळ झाला. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 डिग्रीत ठेवतात, स्ट्रिप मात्र बहुतेक कंपन्यांच्या साधारण 4 ते 30 डिग्रीत आणि कोरड्या जागी ठेवायच्या असतात. थंड डबी दमट हवेत उघडली की गार बाटलीला सुटतो तसा आत घाम सुटतो.

स्ट्रिपच्या टोकाशी ग्लुकोज ऑक्सिडेजसारखं एन्झाइम वाळवून बसवलेलं असतं, रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची रिअॅक्शन होऊन इलेक्ट्रॉन सुटतात, सोबतचं एक केमिकल ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचवतं, आणि मशीन बिचारं फक्त तो करंट मोजून आकडा दाखवतं. ओल लागली की एन्झाइम मंदावतं नाहीतर ते केमिकल रक्त लागायच्या आधीच बदलून बसतं, मग आकडा खालीही जाऊ शकतो आणि वरही. पापड नरम पडला की हाताला कळतं, स्ट्रिप दिसायला तशीच कोरी करकरीत. म्हणून तर डबीत ओल शोषणारा पदार्थ घातलेला असतो, स्ट्रिप काढली की झाकण लगेच टक्क लावायचं, आणि सुट्ट्या स्ट्रिप पाकिटात घालून फिरायचं नाही (आमचे काका!).

उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत ठेवणं तेवढंच वाईट. बरीच मशीन 10 ते 40 डिग्रीतच चालतात, बाहेर गेलं तर निदान एरर देतात, स्ट्रिप काहीच बोलत नाही. उन्हातून आणलेलं मशीन घरात थोडा वेळ तसंच राहू द्यायचं, मग टोचायचं.

आणि मे महिन्यात वाशी मार्केटची पेटी घरात असेल तर आंबा चिरलेल्या हाताने टेस्ट नको, बोटावरचा रसही मशीन शुगर म्हणूनच मोजतं. हात धुवून नीट पुसायचे, ओल्या बोटावर रक्त पातळ होतं.

आता आमची डबी बेडरूमच्या कपाटात असते, झाकणावर उघडल्याची तारीख मार्करने लिहिलेली. शंका आली की कंट्रोल सोल्युशनचा (ठरलेल्या प्रमाणात ग्लुकोज असलेलं, तपासणीसाठीचं पाणी) थेंब रक्ताऐवजी टाकून बघतो, डबीवर छापलेल्या रेंजमध्ये आकडा आला तर ठीक, नाहीतर अख्खी डबी कचऱ्यात. 5-10 पॉइंटच्या फरकासाठी मात्र आईला परत टोचत नाही, 100 च्या वर 15 टक्के इकडेतिकडे अशा मशीनसाठीच्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डलाही चालतं.