गळून पडलेलं शिंग ‘मोकळं’ नसतं

सुरीला सांबराच्या शिंगाची मूठ बसवायची असली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘शिंगं दरवर्षी आपोआप गळतात, प्राणी मारलेला नाही, मग अडचण काय?’

पहिला भाग खरा आहे. सांबराची शिंगं हाडाची असतात, ती गळतात आणि नवी उगवतात. निष्कर्ष मात्र चुकीचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राण्याच्या अवयवांत शिंगांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि सांबर संरक्षित आहे. त्याच्या शिंगाची किंवा त्यापासून केलेल्या वस्तूची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरतो. गळलेलं शिंग आणि शिकारीचं शिंग मुठीत बसल्यावर वेगळं ओळखणार कसं? शिवाय जंगलात ते वाया जात नाही. साळिंदर ते कुरतडून कॅल्शियम मिळवतं.

मुठीसाठी पाळीव म्हशीचं शिंग घ्या. उत्तर प्रदेशातलं संभल या कामासाठी प्रसिद्ध आहे. हे शिंग नखासारख्या केराटिनचं, त्यामुळे उष्णतेने मऊ होतं, दाबून सपाट करता येतं. फक्त घाईत तापवू नका, चिरतं. आणि तयार मूठ पाण्यात भिजत ठेवू नका: फुगून पुन्हा वाळताना ती वाकते, रिव्हेटपाशी तडकते.