फर्लो की पॅरोल? आखाजीला गावात दिसलेला कैदी सुटलेला नसतो

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास रावेर-यावलकडच्या एखाद्या गावात खुनाची शिक्षा झालेला माणूस दिसला की पारावर निकाल लागतो: "सुटी उना!", म्हणजे सुटून आला. पाठोपाठ कायद्याचा उद्धार. खरं तर तो बहुतेक वेळा रजेवर आलेला असतो. ही रजा दोन प्रकारची असते आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पॅरोल, म्हणजे सरकारी कागदावरची अभिवचन रजा, कारणाशिवाय मिळत नाही. घरातला मृत्यू, गंभीर आजारपण, बायकोचं बाळंतपण, पोरीचं लग्न. फर्लो, म्हणजे संचित रजा, हिला असं कारण लागत नाही. ठरलेला काळ शिक्षा भोगली आणि तुरुंगातली वागणूक बरी असली की कैदी ती मागू शकतो. महाराष्ट्रात दोन्ही रजा १९५९ च्या नियमांवर चालत आल्या, अधूनमधून दुरुस्त्या होत.

लोकांना पॅरोल पटतो. आई वारली म्हटल्यावर भाऊबंदकीतला वैरीसुद्धा "येऊ द्या बापड्याला" म्हणतो. फर्लो मात्र डोळ्यांत खुपतो. काही कारण नसताना याला सुट्टी कशाची?

हिशेब मात्र उलटा आहे. फर्लोचे दिवस शिक्षेतच धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. आईच्या दिवसकार्याला आलेला कैदी तेवढे दिवस पुढे आत राहून भरून देतो. मे २०२० मध्ये कोरोनामुळे ज्यांना तातडीच्या पॅरोलवर घरी पाठवलं, त्यांनाही हाच नियम. "फुकटात सुटले" ही तेव्हाची ओरड त्यामुळे चुकीचीच होती.

मला विचाराल तर माणूस पुन्हा माणसांत यावा यासाठी फर्लोच जास्त उपयोगाचा. नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावरच्या माणसाला नाशिकरोडला ठेवलं की भेटीला जाणं म्हणजे घरच्यांची मजुरी बुडणं. पोरं बापाला ओळखेनाशी होतात, शेत दुसऱ्याच्या हाती जातं. मग शिक्षा संपवून तो परतणार कुठे? वर्षातले थोडे दिवस घरी काढले तर निदान उंबरा ओळखीचा राहतो. सगळेच कैदी वेळेवर परत जातात असं नाही, आणि पळालेल्या एकाची बातमी परतलेल्यांपेक्षा लांब जाते. उशिरा हजर होणाऱ्याचे माफीचे दिवस, म्हणजे शिक्षेतून मिळालेली सूट, कापले जातात, पण त्याची कुणी बातमी करत नाही.

खरी मुदतपूर्व सुटका हे तिसरंच प्रकरण. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज. ती आयुष्यभराची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच गोपाळ गोडसे प्रकरणात सांगितलं. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षं ही माफीचा विचार होण्याआधीची किमान अट आहे.

फर्लो हा काही निरपवाद हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालय २०२१ मध्ये आसाराम बापूचा मुलगा नारायण साई याच्या प्रकरणात म्हणालं. रजेआधी गावात पोलीस चौकशी होते आणि सार्वजनिक शांततेला धोका दिसला तर अर्ज अडतो. गावाला बोलायचं असेल तर ते इथेच. पण "असला माणूस गावात नको" एवढ्यावर दिलेला अहवाल उच्च न्यायालयात टिकतोच असं नाही. कुणाला धमकी दिली होती, वाद कुठल्या बांधाचा आहे, मयताच्या घरचे त्याच गल्लीत राहतात का, हे जबाबात आलं पाहिजे.