तेरची पांढरी आणि लामतुरे म्युझियम
धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हटलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात, पण तिथे गेलात तर दर्शन झाल्यावर लगेच गाडीत बसू नका, रामलिंगप्पा लामतुरे म्युझियम बघा. लामतुरे गावचेच, गावातल्या टेकाडांवरून मिळणाऱ्या वस्तू ते वर्षानुवर्षं गोळा करत राहिले आणि त्यांच्या त्या संग्रहातूनच आजचं सरकारी म्युझियम उभं राहिलं.

आपल्याकडे शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली की चुलीची राख, हाडं, पडलेल्या भिंतींची माती असं सगळं थरावर थर साचत जातं आणि जमीन पांढुरकी होते. तेरची टेकाडं म्हणजे हीच पांढरी, त्यात सातवाहन काळ गाडलेला आहे. तेव्हाचं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात लिहिलंय की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर आहे, आणि तिथलं सुती कापड गाड्यांत भरून भडोच बंदरात जातं.

इथली हस्तिदंती बाहुली सगळ्यात फेमस. तशाच घडणीची एक बाई 1938 मध्ये इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात सापडली, ती आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलं, म्हणजे ती त्याआधीच तिकडे पोचली होती! तिच्या डोक्यातून खाली उभं भोक पाडलंय, त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या फर्निचरचा पाय असावी असा अंदाज आहे.

पण मला विचाराल तर बाहुलीपेक्षा जास्त वेळ केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या मूर्तींपाशी थांबा. एक साचा पुढचा, एक मागचा, दोन्हीत मातीचा पातळ थर दाबायचा, दोन अर्धे जोडायचे, मग भाजायचं. मूर्ती आतून पोकळ राहते, त्यामुळे वजन कमी होतं आणि भट्टीत तडकायची भीतीही कमी, कारण जाड मातीत ओल अडकली की तिची वाफ होते आणि मूर्ती फुटते. बाजूने नीट बघितलं तर कानामागून खाली उतरणारी जोडाची रेघ दिसते. आणि तुटकी मूर्ती असेल तर अजून छान, आतल्या बाजूला माती दाबणाऱ्याच्या बोटांचे खळगे तसेच राहिलेले असतात, गोरोबाकाकांच्या हजारेक वर्षं आधीच्या कुंभाराचे.