रूलबुकात तयार गाव कुठून आलं

रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन खेळायच्या गोष्टीच्या खेळात, नवीन माणूस पहिल्यांदा गेम मास्टर म्हणून, म्हणजे ते जग आणि गोष्ट चालवणारा म्हणून, बसतो तेव्हा नियम वाचून झालेले असतात, राक्षसांचे आकडे समोर उघडे असतात, आणि तरी पहिल्या दहा मिनिटांत त्याची गाडी अडते, कारण प्लेअर विचारतात की आम्ही आत्ता आहोत कुठे, इथे दोर कुठे मिळेल, रात्री झोपायचं कुठे, इथला मुख्य माणूस कोण. गाइडबुकात शेवटी एक नमुन्याचं गाव छापलेलं असतं ना, नकाशा, नंबर घातलेली घरं, पाच-सहा नावं, ते या प्रश्नांसाठी असतं. आज आपल्याला वाटतं असं गाव पुस्तकात असणारच, पण ते तिथे यायला बरीच वर्षं लागली आणि मधल्या काळात ते चक्क नकोच असं मानणारे लोकही होते.

खरं तर गाव सुरुवातीपासून टेबलावर होतंच. डेव्ह आर्नेसन मिनेसोटामध्ये १९७१ च्या आसपास ब्लॅकमूर नावाचं स्वतःचं काल्पनिक जग चालवायचा, तिथे वर किल्ला, बाजूला गाव आणि खाली भुयारं, आणि प्लेअर दर वेळी वर येऊन तिथल्याच लोकांत वावरायचे. गॅरी गायगॅक्सने त्यावरून विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाला ग्रेहॉक सुरू केलं. म्हणजे दोघांच्या घरच्या खेळात वस्ती होती. पण १९७४ ला त्यांचा हा खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाने तीन छोट्या पुस्तिकांत छापून आला तेव्हा त्यात गाव नाही. तिसऱ्या पुस्तिकेत एवढंच येतं की ब्लॅकमूर हे छोटंसं खेडं आहे आणि ग्रेहॉक मोठं शहर आहे, पुढे ते कसं उभं करायचं ते तुम्ही बघा. रानातल्या भटकंतीसाठी तर आउटडोअर सर्व्हायव्हल नावाच्या दुसऱ्याच कंपनीच्या बोर्डगेमचा नकाशा वापरा असं सांगितलंय. आणि पुस्तिकेच्या शेवटच्या मजकुराचा रोख असा की तुमच्या वाटची कल्पना आम्ही का करून द्यायची. हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं कारण पुढची पन्नास वर्षं गावावरून जे काही झालं ते सगळं याच प्रश्नाभोवती फिरतं, किती द्यायचं आणि किती रिकामं सोडायचं.

लोकांना मात्र तयार माल हवा होता. १९७६ मध्ये बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन यांनी जजेस गिल्ड काढली आणि सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड आणलं, अख्खं शहर, मोठा नकाशा, गल्लीगल्लीतली दुकानं आणि त्यातली माणसं आकड्यांसकट. ते खपलं. दोन वर्षांनी रूनक्वेस्ट या दुसऱ्या रोलप्लेइंग गेमसाठी ॲपल लेन आलं, ही तर जेमतेम मूठभर घरांची वस्ती, आणि तिथेच एका गहाणवटीच्या दुकानाचं रक्षण करायचं असा खेळ. गाव छोटं असलं की चालवायला सोपं जातं हे तिथे दिसलं.

मग येतं १९७९, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वात महत्त्वाचं वर्ष हेच. त्या वर्षी गायगॅक्सचं डंजन मास्टर्स गाइड, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या गेम मास्टरसाठीचं पुस्तक, आलं. त्यात सल्ला स्पष्ट आहे की जिथून खेळ सुरू होणार ते खेडं आधी उभं करा, घराघरांत साधी माणसं ठेवा, थोडी वेगळी विचित्र माणसं ठेवा, प्लेअर त्यांच्यात मिसळू देत. पण नमुना म्हणून छापलंय काय, तर एका पडक्या मठाखालचं तळघर! गाव नाहीच. गाव त्याच वर्षी वेगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे तयार साहसाच्या पुस्तिकेत, आलं, द व्हिलेज ऑफ हॉमलेट. त्यात तीसच्या वर ठिकाणं, आणि प्रत्येक झोपडीत कोण राहतं, भांडणात त्याचा उपयोग किती, पैसे कुठे लपवलेत, इथपर्यंत लिहिलंय. शेतकऱ्याच्या घरातली लपवलेली नाणी कोणाला हवीत असं वाटतं, पण त्यातच दोन व्यापारी असे आहेत की वरून साधे दुकानदार आणि आतून दुष्ट मंदिराचे हस्तक, आणि हे सगळ्या साध्या घरांच्या गर्दीत बसवलेलं असल्यामुळे प्लेअरना पटकन कळत नाही. पुढचा भाग म्हणजे ते मंदिर छापून यायला १९८५ उजाडलं. मधली सहा वर्षं लोकांनी हॉमलेटवरच काढली, मंदिर आपापलं बनवलं किंवा गावातल्याच भानगडी वाढवत नेल्या.

त्याच सुमाराला डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नवख्यांसाठीच्या बेसिक संचात जे मॉड्यूल घालायला लागले, द कीप ऑन द बॉर्डरलँड्स, त्याने उलट रस्ता धरला. सरहद्दीवरची एक गढी आहे, आत सराई, खानावळ, वाण्याचं दुकान, कर्ज देणारी पेढी, देऊळ, सगळं आहे, पण माणसांना नावंच नाहीत. गढीचा प्रमुख हा प्रमुख, पुजारी हा पुजारी. नावं गेम मास्टरने ठेवायची. मात्र खानावळीत काय काय मिळतं आणि कितीला, ही यादी छापलीय. मला हे फार आवडतं, कारण प्लेअर खरोखर तेच विचारतात, बिअर कितीला, आणि प्रमुखाचं नाव काय हे तिसऱ्या सेशनपर्यंत कोणी विचारत नाही. शिवाय वीस अफवांचा तक्ता आहे, फासा टाकायचा आणि जी येईल ती प्लेअरला सांगायची, त्यातल्या काही धडधडीत खोट्या. एक अफवा अशी की 'ब्री-यार्क' म्हणजे गॉब्लिन भाषेत आम्ही शरण आलो. हे ऐकून प्लेअर गुहेत जातात, समोरून गॉब्लिन ब्री-यार्क ओरडतात, प्लेअर निवांत होतात, आणि ती असते खरी तर बाकीच्यांना बोलवायची हाक. गावात ऐकलेल्या एका वाक्याने गुहेतली मारामारी फिरते. गाव आणि भुयार यांच्यातला धागा कसा बांधायचा हे नवीन गेम मास्टर इथे न शिकवता शिकतो.

पुढच्या काही वर्षांत गाव हळूहळू मूळ पुस्तकाकडे सरकलं. बेसिकच्या पुढच्या, १९८३ च्या एक्स्पर्ट संचात रानातला प्रवास शिकवताना मुक्कामाचं गाव म्हणून थ्रेशोल्ड दिलं. पण सॉल्टमार्शची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. १९८१ ला डंजन्स अँड ड्रॅगन्स छापणाऱ्या टीएसआर कंपनीच्या इंग्लंडमधल्या शाखेने द सिनिस्टर सिक्रेट ऑफ सॉल्टमार्श काढलं, नावातच गाव, समुद्रकाठचं घर, स्मगलर, सगळं तपशिलात, आणि सॉल्टमार्श गाव मात्र दिलेलंच नाही, ते गेम मास्टरने तयार करायचं. कित्येक टेबलांवर कित्येक वेगळी सॉल्टमार्श झाली. मग २००५ मध्ये डंजन मास्टर्स गाइडच्या दुसऱ्या भागात नमुन्याचं गाव म्हणून त्याच सॉल्टमार्शला नकाशा आणि माणसं मिळाली, आणि २०१९ च्या पुस्तकात ते परत नव्याने रंगवलं गेलं. ज्यांनी चोवीस वर्षं स्वतःचं सॉल्टमार्श चालवलं त्यांना त्या नकाशाचा काही उपयोग नव्हता, पण तो नकाशा त्यांच्यासाठी नव्हताच, तो नव्या माणसासाठी होता.

२००८ ला डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या चौथ्या आवृत्तीच्या मुख्य गाइडमध्येच शेवटचं प्रकरण फॉलक्रेस्ट या गावाला दिलं. नदीचा धबधबा, मधून जाणाऱ्या कड्यामुळे गावाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग, आणि काही पिढ्यांपूर्वी ऑर्क नावाच्या राक्षसांनी लुटल्यामुळे गाव अजून पूर्ण सावरलेलं नाही. हे सावरलेलं नसणं फार हुशारीचं आहे, कारण पडक्या भिंती आणि ओस वाडे म्हणजे गेम मास्टरला मोकळी जागा, काहीही टाकलं तरी छापलेल्या मजकुराशी भांडण होत नाही. सोबत आजूबाजूचं खोरं आणि एक छोटं साहस. पुस्तक विकत घेतलं की त्याच रात्री खेळायला बसता येतं, मी स्वतः पहिल्यांदा गेम चालवला तो फॉलक्रेस्टमध्येच आणि वरच्या भागातून खाली उतरायच्या रस्त्यावर प्लेअरनी दोन तास काढले, भुयार त्या दिवशी आलंच नाही.

पुढच्या आवृत्तीने, २०१४ ला, गाव परत गाइडमधून काढलं. वस्ती बनवायचे तक्ते ठेवले, आणि तयार गाव म्हणजे फँडालिन, ते स्टार्टर सेटच्या बॉक्समध्ये गेलं. बियाँड द वॉलसारख्या खेळांनी तोवर तिसरीच वाट काढली होती, गाव प्लेअरनीच मिळून बनवायचं, प्रत्येकाने आपल्या लहानपणापासून एक माणूस, एक जागा घालायची. याची मजा वेगळी आहे, तिथल्या लोहाराला कोणी त्रास दिला तर प्लेअर चवताळून उठतात, पण टेबलावर कोणीच आधी खेळलेलं नसेल तर सगळे एकमेकांकडे बघत बसतात, म्हणून नवख्यांसाठी छापील गाव लागतंच असं माझं ठाम मत आहे. फक्त त्यात दोन-तीन घरं कोरी सोडलेली हवीत आणि ती कोरी आहेत असं लिहिलेलंही हवं, नाहीतर नवीन माणसाला वाटतं आपल्याच वाचण्यातून काहीतरी सुटलं.

२०२४ च्या गाइडमध्ये नमुन्याची दुनिया म्हणून ग्रेहॉक परत आलंय, सोबत घडीचा मोठा नकाशा, एका बाजूला सगळा प्रदेश आणि दुसऱ्या बाजूला शहर. १९७४ च्या पुस्तिकेत याच शहराला एक ओळ मिळाली होती.