टीडीएस वेगळा, पाण्याचा जडपणा वेगळा

सोसायटीच्या बोअरला सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी हलकं करणारं यंत्र, बसवला, त्या संध्याकाळी आमच्याकडे मोठा वाद झाला. कुणीतरी बाटलीभर पाणी आणून त्यात टीडीएस मीटर बुडवला. आदल्या दिवशी आकडा 700 होता, आता 710. "एवढे पैसे घालून पाणी होतं तसंच!" यंत्र परत करायचं, इथवर बोलणं गेलं. यंत्र मात्र चोख काम करत होतं. आम्ही भलतीच गोष्ट मोजत होतो.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून एका लिटरला किती मिलिग्रॅम. मीठ असो, चुना असो, सोडा असो, सगळ्याची एकच बेरीज. हातातला मीटर ही बेरीजसुद्धा थेट करत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहून तो अंदाज बांधतो. आत कोणता क्षार आहे हे त्याला कळत नाही.

जडपणा म्हणजे त्या बेरजेतले फक्त दोन वाटेकरी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. गिझरच्या कॉइलवरचा थर, नळाच्या बुजलेल्या जाळ्या, बादलीच्या आतली पांढरी रेघ, हे सगळं याच जोडीचं काम. सॉफ्टनरमधले रेझिनचे बारीक मणी ही जोडी धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. 40 ग्रॅम कॅल्शियम गेलं की 46 ग्रॅम सोडियम आत येतं. मग टीडीएस उतरणार कुठून? झालाच तर किंचित वाढतो.

दुसऱ्या दिवशी जडपणा मोजायचं किट आणलं. छोट्या बाटलीत पाणी, त्यात रंगाची चिमूट, की पाणी वाइनसारखं लाल होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं आणि लालाचा निळा होईपर्यंत थेंब मोजायचे. आमच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला 20 मिलिग्रॅम जडपणा. बोअरच्या पाण्याला 23 थेंब लागले. सॉफ्टनरमधून आलेलं पाणी दुसऱ्याच थेंबाला निळं झालं आणि वाद तिथेच संपला.

घोटाळा आपल्या बोलण्यातही आहे. बोअरचं पाणी नकोसं वाटलं की आपण सरसकट "खारं आहे" म्हणतो. खरं खारं पाणी पाहायचं तर अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या खोऱ्यात जावं. तिथे मिठाचा, म्हणजे सोडियमचा जोर आहे. घोटभर प्यायलं तरी जिभेला कळतं. दख्खनच्या काळ्या कातळातल्या बोअरचं पाणी पुष्कळदा चवीला बरं लागतं, पण कातळातून झिरपताना त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उतरलेलं असतं. ते खारं नाही, जड आहे. पुस्तकी मराठीत त्याला दुष्फेन म्हणतात, आणि मला हा शब्द फार आवडतो, कारण परीक्षा त्या नावातच आहे: ज्याला फेस येत नाही ते.

ही परीक्षा घरी होते. अंगाच्या साबणाचा थोडा कीस पारदर्शक बाटलीत अर्ध्या पाण्यावर टाका आणि जोरात हलवा. शाम्पू किंवा भांड्यांचं लिक्विड नको, ते जड पाण्यातही फेसाळतं. फेस टिकला तर पाणी हलकं. दह्यासारखा चोथा तरंगला तर जड.

दुसरी खूण डागाची. स्टीलच्या ताटलीत चमचाभर पाणी उन्हात वाळू द्या आणि उरलेला पांढरा डाग ओल्या बोटाने पुसा. मिठाचा असेल तर विरघळून जातो. चुन्याचा हलत नाही, पण त्यावर लिंबाचा थेंब पिळला की बारीक बुडबुडे येतात.

स्वयंपाकघरात हा फरक रोज दिसतो. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी टणक राहते, कारण डाळीच्या पेशी सांधून धरणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम घट्ट बांधून ठेवतं. दोष डाळीला देऊ नका. चिमूटभर खायचा सोडा घाला किंवा तेवढ्यापुरतं नगरपालिकेचं पाणी वापरा. धरणाचं पाणी बहुधा हलकं असतं. तुरटीने मात्र काही होत नाही. ती गढूळपणा खाली बसवते, जडपणाला हात लावत नाही.

आयएस 10500 या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएस 500 आणि जडपणा 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे. दुसरी सोयच नसेल तर अनुक्रमे 2000 आणि 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणून विक्रेत्याने नुसता टीडीएस दाखवला, तर "जडपणा किती?" हे आधी विचारा. त्रास गिझर, शॉवर, केस आणि कपड्यांचा असेल तर सॉफ्टनर. पिण्याचं पाणी चवीला खारट असेल तर आरओ, तोही स्वयंपाकघरातल्या एका नळापुरता, कारण तो बरंच पाणी वाया घालवतो. मणी पुन्हा सोडियमने भरावेत म्हणून सॉफ्टनरला मिठाचं पाणी ठरल्या वेळी द्यावंच लागतं, नाहीतर पुन्हा रेघा दिसू लागतात. कुंड्यांना मात्र सॉफ्टनरचं पाणी घालू नका. सोडियमने माती बिघडते.

काहीच बसवायचं नसेल तर गिझर 50-55 अंशांवर ठेवा. पाणी जितकं तापेल तितका चुना जास्त बसतो. शॉवरची जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा. किटलीत लिटरभर पाण्याला चमचा-दोन चमचे लिंबूसत्व घालून कोमट करा, थर सुटून येतो. यात ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि हे आंबट पाणी ओट्यावर सांडू देऊ नका. कडप्पा आणि शहाबादी फरशी दोन्ही चुनखडीच्याच. जे आम्ल नळावरचा थर खातं, ते ओट्याची झिलईही खातं, आणि तो डाग पुसून जात नाही.